आठ रविवारांचं प्रमाणपत्र

पुस्तिका, पान १.

नाव: राजस.

व्यवसाय: गाड्यांचा विमा विकणे.

आपण या वर्गात का आला आहात? (एका वाक्यात लिहा.)

कारण त्या संध्याकाळी माझ्या पुढच्या तीन गाड्या सोडून पोलिसांनी नेमकं मलाच थांबवलं.

हे उत्तर विनोदिनी मॅडमनी लाल पेनाने खोडलं आणि शेजारी लिहिलं, 'जबाबदारी स्वीकारा.' मग मी लिहिलं, 'कारण मी दारू पिऊन गाडी चालवली.' त्याला बरोबरची खूण मिळाली. वर्गातल्या सात जणांनी हे वाक्य माझ्याकडून जसंच्या तसं उतरवून घेतलं. आठव्याने, म्हणजे आटपाडीच्या अर्जुनाने, स्वतःचं लिहिलं: 'लोकर कातरायचं जेवण होतं. दीड क्वार्टर झाली. गाडी न्यायला नको होती.' मॅडम म्हणाल्या, एका वाक्यात लिहायचं होतं. त्याचे दोन गुण गेले.

रविवार पहिला

कोर्टाने आम्हा नऊ जणांना दंड केला, लायसनं काढून घेतली आणि आठ रविवार शिकायला पाठवलं. शिकवणाऱ्या संस्थेचा हॉल विश्रामबागेत, डॉक्टर व्हायची तयारी करून घेणाऱ्या एका क्लासच्या वरच्या मजल्यावर. खाली मुलं यकृताची आकृती काढायची, वर आम्ही पडद्यावर यकृत बघायचो. फरक एवढाच की आमचं वापरलेलं होतं.

लायसनं पाकिटांत घालून हॉलच्या कपाटात ठेवलेली. आठव्या रविवारी प्रमाणपत्राबरोबर ज्याचं त्याला परत. तोवर दर रविवारी सही, चहा आणि एक चाचणी.

मॅडम मूळच्या वाईच्या. मन लावून शिकवायच्या, कुणाला तोडून बोलायच्या नाहीत. दारूला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नव्हता, त्यामुळे दारूविषयी त्या बोलू लागल्या की नकाशा बघून कोकणाचं वर्णन केल्यासारखं वाटायचं. सगळं बरोबर, फक्त समुद्र नाही.

रविवार दुसरा: अनुभवकथन

अनुभव तात्यांचा. तात्या पूर्वी माधवनगरच्या एका गिरणीत होते, आता संस्थेचे शिपाई, आणि दर तुकडीच्या दुसऱ्या रविवारी संस्थेचे सुधारलेले दारुडेही. दोन्ही पदांचा पगार एकच. गिरणीतून निरोपाला मिळालेलं घड्याळ दारूपायी विकलं, या जागी ते रडतात. आमच्या आधीच्या तुकडीतला एकजण पुन्हा सापडून आमच्यात आला होता, तो मला कोपराने ढोसून म्हणाला, आता घड्याळ. आणि घड्याळ आलं. रडून झाल्यावर तात्यांनी डोळे पुसले आणि चहाचे कप गोळा केले.

त्या दिवशी अर्जुना एकटाच त्यांच्यापाशी जाऊन बसला आणि त्याने विचारलं, ते घड्याळ कुणी घेतलं, अजून चालतंय का. तात्या गडबडले. हा प्रश्न आजवर कुठल्याच तुकडीत आला नव्हता.

रविवार तिसरा

इथे अर्जुनाबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आम्ही आठ जण सांगली-मिरजेचे, म्हणून रोज उशिरा. हा आटपाडीहून पहाटेची एसटी धरायचा आणि आमच्या आधी येऊन हॉलची कुलपं बघत पायरीवर बसायचा. घर धनगराचं, दीडशे मेंढरं. दिवाळी झाली की कळप पश्चिमेला चालत जातो, लोकांच्या रानांत खतासाठी बसतो आणि पावसाआधी माघारी येतो. कळपाबरोबर त्याची आई धोंडुबाई आणि धाकटा भाऊ बिरदेव. पूर्वी बिऱ्हाड आणि चालता न येणारी कोकरं घोड्यांवर जायची. दोन वर्षांपूर्वी अर्जुनाने दोन्ही घोडी विकून पिकअप घेतली. आता पिकअप होती, लायसन कपाटात होतं आणि घोडी दुसऱ्याच्या दारात.

'घोड्याला लायसन लागत न्हाई,' तो मला चहाच्या वेळी म्हणाला. 'आन घोडं पितबी न्हाई.'

रविवार चौथा: प्रात्यक्षिक

डोळ्यांसमोर धूसर दिसेल असे चष्मे लावून जमिनीवरच्या पांढऱ्या पट्टीवरून चालायचं. प्यायल्यावर काय होतं ते शुद्धीत कळावं म्हणून. आम्ही आठ जण छान अडखळलो. ऋषिराज तर थेट फळ्यावर गेला. हा बिल्डरचा मुलगा, बापाचा ड्रायव्हर त्याला सोडायला यायचा आणि न्यायला यायचा, त्यामुळे लायसन गेल्याचं त्याला वर्गात आल्यावरच आठवायचं.

अर्जुना चष्मा लावून पट्टीवरून सरळ गेला, वळला, सरळ परत आला. मॅडमनी विचारलं तर म्हणाला, धुक्यात मेंढरांमागं असंच दिसतंय. त्याच्या नावापुढे शेरा पडला: 'साहित्य नीट वापरले नाही.'

रविवार पाचवा

चहा चांगला होता.

रविवार सहावा: चूक की बरोबर ते लिहा

बियर ही दारू नाही. (चूक.)

थंड पाण्याने अंघोळ केल्यास नशा उतरते. (चूक.)

मी माझ्या सवयी बदलू शकतो. (आठ जणांनी 'बरोबर' लिहिलं. एकाने लिहिलं, 'बघू'.)

रविवार सातवा

मॅडम गंभीर होत्या. गेल्या तुकडीने शेवटच्या दिवशी कागदावर सह्या केल्या होत्या, आजन्म पिणार नाही. त्यातले चौघे पुन्हा सापडले. एकाने तर प्रमाणपत्र लॅमिनेट करून गाडीच्या काचेला लावलं होतं, त्याच्या मागेच सापडला. संस्थेला काहीतरी जास्त पक्कं हवं होतं.

युक्ती तात्यांची. कागदावर माणूस सही ठोकतो, म्हणाले, देवावर ठोकत नाही. ज्याला ज्याचं भ्या वाटतं त्याच्यावर हात ठेवून शपथ घेऊ द्या. मॅडमना हे शास्त्रात कुठे बसतं ते कळेना, पण आकडे वाईट होते. त्यांनी होकार दिला.

त्या दिवशी निघताना अर्जुना खुशीत होता. चाफळच्या खोऱ्यात कळप ज्या रानात बसला होता तिथला मालक सोमवारी नांगर घालणार होता. म्हणजे रविवारी लायसन हातात पडलं की इथूनच पिकअप काढायची, संध्याकाळपर्यंत पोचायचं, बावीस कोकरं आणि बिऱ्हाड गाडीत घालून पुढे व्हायचं, मागून मेंढरं चालत. त्याने ते सगळं बोटांवर लावून मला सांगितलं. आईला फोनवरही सांगितलेलं.

रविवार आठवा, सकाळ

पिकअप खाली उभी होती. अर्जुनाचा चुलतभाऊ गुंडा ती आटपाडीहून चालवत आणून लावून लगेच एका वऱ्हाडाच्या गाडीवर गेला होता. लग्नसराई. अख्ख्या तालुक्यात मोकळा ड्रायव्हर नव्हता.

टेबलावर नऊ पाकिटं. शेजारी देवांच्या तसबिरी, एक कुराण, कारण आमच्यात एकजण मुसलमान होता, आणि स्टीलच्या वाटीत पिवळाधमक भंडारा. तो तात्यांनी खास अर्जुनासाठी आणला होता. धनगर माणूस भंडारा उचलून खोटं बोलत नाही, असं त्यांनी मॅडमना सांगून ठेवलं होतं. यात त्यांची चूक झाली नाही.

शपथेचा मजकूर छापील: 'मी आजन्म मद्यपान करणार नाही.'

ऋषिराजने मोबाईलवर आईचा फोटो उघडून त्यावर हात ठेवला. शपथ चालू असताना त्याच आईचा फोन आला, तो त्याने कट केला. मी सांगलीच्या गणपतीची शपथ घेतली. पाच सेकंद लागले. पाकीट मिळालं. टाळ्या झाल्या.

मग अर्जुना उठला. डोक्यावरची टोपी काढून त्याने वाटीला लांबूनच हात जोडले.

'ही कायमची म्हणायची का, मॅडम?' त्याने विचारलं.

'हो. आजन्म.'

'मंग न्हाई उचलत.'

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मॅडमना वाटलं त्याला ऐकू आलं नसेल, त्यांनी मजकूर पुन्हा वाचून दाखवला.

'ऐकलं मी. आवं, सात म्हयनं झालं, थेंब घेतला न्हाई. उद्याबी घेणार न्हाई, परवाबी न्हाई. पर मेस्तोवरचं मला दिसत न्हाई. जे दिसत न्हाई त्यावर भंडारा कसा उचलू?'

तात्या मध्ये पडले. गड्या, उचलून टाक, म्हणाले, सगळ्यांनी घेतलीच की. त्यावर अर्जुनाने सांगितलं की त्याच्या वडिलांनीही असंच उचलून टाकलं होतं. ग्रामपंचायतीच्या वेळी सकाळी एका पॅनलसाठी, दुपारी दुसऱ्या पॅनलसाठी. त्या साली रोग आला आणि साठ मेंढरं गेली.

मॅडमनी अगदी हळुवारपणे समजावलं की तो विषाणू असतो, त्याला लस असते.

'व्हय, लस दिली न्हवती,' अर्जुना म्हणाला. 'आई म्हंती भंडाऱ्यानं गेली, डॉक्टर म्हंतोय लशीबिगर गेली. दोघंबी खरं असतील. म्हणून मी लसबी देतो आन भंडाराबी उचलत न्हाई.'

मग त्याने स्वतःचा तोडगा काढला. पिऊन गाडीला हात लावणार नाही, या गोष्टीसाठी तो भंडारा उचलायला तयार होता. आत्ता, सगळ्यांसमोर, कायमचा. तेवढं दिसतं, म्हणाला.

खरं तर आम्हाला आठ रविवार नेमकं हेच शिकवत होते. पण छापील मजकुरात ते नव्हतं, आणि फॉर्म दोनशे छापून झाले होते. मॅडमनी पेन हातात घेतलं. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. मग त्यांनी लिहिलं: 'बदलास तयार नाही. पुढील तुकडीत पुन्हा आठ रविवार.'

नववं पाकीट कपाटात परत गेलं. तात्यांनी वाटीवर झाकण ठेवलं.

रविवार आठवा, दुपार

ऋषिराजने उत्तीर्णांना मिरज रस्त्यावरच्या एका हॉटेलात जेवण दिलं. मी दोनच बियर घेतल्या, कारण नुकतीच शपथ घेतली होती.

साडेतीनला, सकाळी लायसनशिवायच आणलेली स्कूटर न्यायला विश्रामबागेत आलो तर पिकअप तिथेच, आणि मागच्या हौद्यात अर्जुना मांडी घालून बसलेला, कानाला फोन. तिसऱ्या ड्रायव्हरने नाही म्हटलं होतं. आईला काय सांगायचं ते त्याला सुचत नव्हतं.

बियरने माझ्यातला माणूस जागा होतो. एरवी मी शेजाऱ्याला स्टँडपर्यंतसुद्धा सोडत नाही. पण त्या दुपारी माझ्या खिशात लायसन होतं, हातात गुळगुळीत प्रमाणपत्र होतं आणि तोंडात मसाला पान. मी म्हणालो, चला, मी चालवतो.

त्याने मला नीट बघून घेतलं.

'घेतली न्हाई न्हवं तुमी?'

'अहो, सकाळीच शपथ घेतली ना सगळ्यांसमोर.'

त्याने मान हलवली आणि किल्ली दिली. पुन्हा विचारलं नाही. शपथ घेतलेल्या माणसाला त्यांच्यात दोनदा विचारत नसावेत. मी खोटं बोललो नव्हतो, फक्त उत्तर दिलं नव्हतं. विम्याच्या धंद्यात या दोहोंत फरक करतात.

रविवार आठवा, अजूनही

कराड मागे पडलं. अर्जुना मोकळा झाला होता. कोकरांतली दोन जुळी आहेत, एक आंधळं आहे पण हाकेला येतं, असं काहीबाही सांगत होता. आईला फोन करून त्याने सांगितलं, येतोय, माणूस मिळालाय, लय चांगला हाय.

उंब्रजच्या अलीकडे नाकाबंदी. हवालदाराने काच खाली घ्यायला सांगितली. माझा हात आपोआप खिशात गेला आणि लायसनबरोबर प्रमाणपत्रही बाहेर आलं. त्याने ते वाचलं, उलटून पाठीमागे बघितलं, पुन्हा वाचलं. असा कोर्स करून आलेला माणूस तो पहिल्यांदाच बघत होता. त्याने मला जवळजवळ सलाम केला. मग त्याची नजर पलीकडे गेली, मळकी टोपी, तांबडे डोळे, आणि त्याने यंत्र माझ्या अंगावरून हात लांबवून अर्जुनाच्या तोंडाशी धरलं. फुंक म्हणाला. गाडी न चालवणाऱ्या अर्जुनाने फुंकलं. शून्य.

'बरंय, जावा,' हवालदार म्हणाला, थोडा नाराज होऊन.

मी सुटकेचा श्वास सोडला. तो फार मोठा सोडला. पान केव्हाच संपलं होतं.

अर्जुनाने मान माझ्याकडे वळवली. शंभरेक पावलं गाडी पुढे गेली.

'हितं बाजूला घ्या,' तो म्हणाला.

घेतली.

'तुमी घेतलीया.'

'दोनच बियर. दुपारी. उतरली पण आता.'

'गनपतीची शपथ घेतली व्हती तुमी.'

'अहो, ती क्लासची होती.'

तो माझ्याकडे बघत राहिला. रागावलेला नव्हता. मी कुठल्या भाषेत बोललो ते तो आठवून बघत असावा.

'क्लासची शपथ कसली असती?' त्याने विचारलं. खरंच विचारलं.

मग त्याने किल्ली काढून घेतली. मी म्हणालो की दहा-बारा किलोमीटर उरलेत, लायसन माझ्याकडे आहे, पोलिसही मागे पडले. नाहीतर तू चालव, म्हणालो, इथे कोण बघतंय. तो खाली उतरला, माझ्या बाजूचं दार नीट लागलं का बघितलं आणि आईला फोन लावला. ऐकू आलं ते एवढंच: आये, गाडी येत न्हाई. मी चालत येतोय. कोकरं घिऊन पाटंचं निघू.

चाफळच्या रस्त्याने तो गेला. मेंढरांमागे चालतात तसा, घाई नाही, थांबणं नाही.

एसटी होती. मी सांगलीला जाऊ शकलो असतो. घरी फोन केला तर बायकोने, भार्गवीने, विचारलं, मिळालं का प्रमाणपत्र? मी म्हणालो, मिळालं. रस्त्यापलीकडे एक ढाबा होता. तिथे जेवलो आणि पिकअपमध्ये येऊन झोपलो.

सोमवार

(पुस्तिकेत सोमवार नाही.)

जाग आली ती गाडी हलत होती म्हणून. सकाळचे नऊ. मला वाटलं कुणी ढकलतंय. काचेबाहेर दोन्ही बाजूंनी पाठी, पाठी आणि पाठी, लोकर घासत चाललेल्या. अख्खा कळप पिकअपला वळसा घालून पुढच्या झाडाखाली थांबत होता. हायवेवरचे ट्रक हॉर्न मारत होते आणि बिरदेव काठी आडवी धरून त्यांना थांबवत होता.

अर्जुनाच्या दोन्ही काखांत कोकरं, गळ्यात धोतराची झोळी, तीत आणखी. धोंडुबाईच्या पदराच्या ओटीत तीन, बाकीची मेंढरांमागे रखडत. अंगाने वाळलेली, उन्हाने काळी पडलेली बाई. तिने काचेवर टकटक केली आणि आत मला बघून मुलाला विचारलं, ह्यो कोण?

'क्लासात पास झालेला,' अर्जुना म्हणाला.

मी उतरलो. पाय जमिनीला बरोबर लागत नव्हते. अर्जुनाने कोकरं एकेक करून हौद्यात ठेवली. आंधळं त्याच्या आवाजाकडे तोंड करून उभं राहिलं. मी मोजत नव्हतो, पण तो मोठ्याने मोजत होता, आणि एकोणिसावर थांबला.

'बावीस होती ना?' मी विचारलं.

'दोन वढ्याशी दमून गेली. एक कुत्र्यानं न्हेलं.'

त्यात माझं नाव नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं, मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

मग त्याने किल्ली पुढे केली. अख्ख्या वाटेवर लायसन असलेला माणूस मीच होतो. ऊन चढत होतं, पुढे मसूरची वाट, कोकरांना सावली नव्हती. धोंडुबाई मला म्हणाली, चला की लेकरा, आता कशापायी थांबलाय.

दोन बियर मी लिहिल्यात. त्या चार होत्या, आणि आधी ऋषिराजच्या बापाच्या बाटलीतले दोन पेग. ढाब्यावर जेवलो असंही लिहिलंय. जेवलो तर होतोच. पण त्याच्याबरोबर जे घेतलं ते किती होतं ते मलाच आठवत नव्हतं, आणि डोळ्यांसमोर दीडशे मेंढरं तीनशे दिसत होती. किल्ली घेतली असती तर गाडी चालली असती. अशी मी खूप वेळा चालवली आहे. हे त्या सकाळी गाडीच्या दारात उभं राहून, त्या बाईच्या तोंडाकडे बघत, मला पहिल्यांदा कुठल्याही लाल पेनाशिवाय सांगावं लागलं.

'मला देऊ नका,' मी म्हणालो. 'रात्री परत घेतली. किती ते ठाऊक नाही. अजून उतरली नाही.'

अर्जुनाने किल्ली मागे घेतली. धोंडुबाईने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग उन्हाकडे.

'किती येळ?' तिने विचारलं.

'दुपार होईल.'

तिने बिरदेवला हाक मारून मेंढरं झाडाखाली बसवायला सांगितली. अर्जुना हौद्यावर चढून कोकरांच्या डोक्यावर घोंगडी ताणू लागला. एक टोक सुटत होतं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, ते धरा. मी धरलं.

खाली धोंडुबाई चुलीसाठी तीन दगड शोधत होती.